विश्लेषण : खाणकामगारांना विषारी वायूपासून वाचवणारे हाल्डेन कोळशाच्या धुळीबाबत का चुकले?

२७ जानेवारी १८९६. दक्षिण वेल्समधल्या टायलर्सटाउन गावच्या कोळसा खाणीत पहाटे स्फोट झाला आणि ५७ कामगार मरण पावले. स्फोट म्हटला की माणसे भाजून किंवा दगडाखाली सापडून दगावली, असेच तोवर गृहीत धरले जाई. ब्रिटिश गृहखात्यासाठी खाणीतल्या मृत्यूंचा तपास करणारा ऑक्सफर्डचा एक ३५ वर्षांचा डॉक्टर तिथे पोहोचला. त्याने मृतदेह तपासले, रक्ताचे नमुने घेतले. बहुतेकांच्या अंगावर जीव जाईल अशी जखमच नव्हती. चेहरे मात्र गुलाबी होते, जिवंत आणि ठणठणीत माणसाचे असावेत तसे.

या डॉक्टरचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन. खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेण्याची कल्पना त्यांचीच. खाणीतल्या वायूंबद्दल आज जे शिकवले जाते त्याचा मोठा भाग त्यांच्या कामावर उभा आहे. पण कोळशाच्या धुळीबद्दल याच हाल्डेन यांचे मत चुकीचे निघाले आणि त्याची किंमत हजारो खाणकामगारांनी मोजली. एकाच माणसाकडून एवढे मोठे बरोबर आणि एवढे मोठे चूक कसे झाले?

कोण होते हाल्डेन?

जन्म १८६० चा, एडिनबर्गचा. घराणे स्कॉटलंडमधले जमीनदार. थोरले भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि नंतर लॉर्ड चॅन्सलर झाले. जॉन यांनी एडिनबर्ग विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, पण दवाखाना काही थाटला नाही. त्यांना रस होता तो हवेत. माणूस श्वासावाटे नेमके काय आत घेतो आणि त्याचे शरीरात काय होते, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

सुरुवात डंडी शहरातून झाली. तिथल्या गरिबांच्या एका खोलीच्या घरांमधली आणि शाळांमधली हवा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बाटल्यांत भरून तपासली. रात्री माणसे दाटीवाटीने झोपलेली असताना घरात जाऊन नमुने घ्यायचे, असे हे काम. नंतर ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांचे मामा जॉन बर्डन-सँडरसन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. भाच्याने मात्र प्रयोगशाळेपेक्षा गटारे, बोगदे आणि खाणी जास्त पालथ्या घातल्या.

खाणीतल्या हवेत काय असते?

इंग्रजी खाणकामगारांच्या बोलीत घातक हवेला ‘डॅम्प’ म्हणत. इथे त्याचा ओलाव्याशी संबंध नाही. वाफ किंवा वायू या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दाचे हे भावंड. त्याचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाची मारण्याची तऱ्हा निराळी.

‘फायरडॅम्प’ म्हणजे मुख्यतः मिथेन. कोळशाच्या थरातून तो झिरपत असतो. हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने भडका उडतो. ‘ब्लॅकडॅम्प’ने दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. हा म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड असावा, असा समज होता. हाल्डेन यांनी नमुने तपासून दाखवले की त्यात मोठा वाटा नायट्रोजनचा असतो. कोळसा आणि खडक हवेतला ऑक्सिजन शोषून घेतात आणि मागे जे उरते ते ब्लॅकडॅम्प. ‘आफ्टरडॅम्प’ म्हणजे स्फोटानंतर बोगद्यांत पसरणारी हवा. टायलर्सटाउनची माणसे तिनेच मेली होती. त्या हवेतला मारेकरी होता कार्बन मोनॉक्साइड.

इथे एक घातक गंमत आहे. खाणकामगाराचा सारा भरवसा त्याच्या हातातल्या दिव्यावर असे. ऑक्सिजन १७ टक्क्यांच्या आसपास आला की दिवा विझतो, पण माणूस तेवढ्यात मरत नाही. त्याला मागे फिरायला वेळ मिळतो. मिथेन असेल तर सुरक्षा दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसते. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र दिवा फसवतो. माणसाला मारायला पुरेल एवढा तो हवेत असला, तरी दिवा नेहमीसारखा जळत राहतो. वास नाही, रंग नाही. स्फोटातून वाचलेला कामगार पेटता दिवा पाहून पुढे चालत राही आणि काही मिनिटांत खाली बसे, तो पुन्हा उठत नसे.

कार्बन मोनॉक्साइड मारतो कसा?

रक्तातले हिमोग्लोबिन फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेत तो अगदी थोडा असला तरी हळूहळू रक्तातल्या बहुतेक जागा बळकावतो. या जोडीचा रंग चेरीसारखा लाल, म्हणून मृताचे गाल गुलाबी दिसतात. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे मृत्यू झाल्याच्या ज्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, त्यांच्यामागेही हाच वायू असतो.

हाल्डेन यांनी हे पुस्तकातून शोधले नाही. टायलर्सटाउनच्या आधीच, १८९५ मध्ये, त्यांनी स्वतःवरच्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला होता. मोजून मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड ते स्वतः हुंगत, ठरावीक वेळाने बोटाला टोचून रक्त काढत आणि काय वाटते ते लिहीत. धाप लागणे, दृष्टी अंधुक होणे, पाय लटपटणे, डोके न चालणे. एका प्रयोगात त्यांचे निम्म्याहून जास्त, म्हणजे ५६ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापले तोवर ते थांबले नाहीत. त्याच्या थोडे पुढे बेशुद्धी आणि मृत्यू.

हे वेड होते का? काही प्रमाणात होतेच. पण त्यामागे एक हिशेब होता. उंदराला किंवा सशाला डोके दुखते का, गोंधळल्यासारखे होते का, हे विचारता येत नाही. माणसावर प्रयोग करायचा तर दुसऱ्याच्या जिवाशी का खेळा? म्हणून ते स्वतःच आत जाऊन बसत.

याच मालिकेत त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दुप्पट दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलेला उंदीर हिमोग्लोबिन निकामी झाले तरी जगतो, कारण पुरेसा ऑक्सिजन रक्तरसातच विरघळतो. कार्बन मोनॉक्साइडच्या गंभीर रुग्णाला आज अधिक दाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवतात, त्या उपचाराचे मूळ इथे आहे.

कॅनरीच का?

छोट्या प्राण्याचा श्वास आणि रक्ताभिसरण त्याच्या आकाराच्या मानाने फार वेगवान. त्यामुळे विषारी हवेत त्याचे रक्त माणसाच्या कितीतरी आधी भरते. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याचा ‘रिस्पॉन्स टाइम’ कमी. हाल्डेन यांनी आधी पांढरा उंदीर सुचवला. पण उंदीर तसाही कोपऱ्यात अंग चोरून बसतो. तो आजारी आहे की नुसता घाबरलेला, हे अंधारात कळायचे कसे? कॅनरी दांडीवर बसतो, डुलू लागतो आणि खाली पडतो. पाहणाऱ्याला शंकाच उरत नाही. शिवाय हा पिवळा पक्षी मिणमिणत्या दिव्यातही दिसतो. पक्षी पडला की मागे फिरायचे.

सोयीच्या पिंजऱ्याला वर ऑक्सिजनची छोटी नळकांडी असे. पक्षी पडला की दार बंद करून ऑक्सिजन सोडायचा आणि त्याला शुद्धीवर आणायचे. बचाव पथकांना आपल्या पक्ष्यांचा लळा लागे. १९११ पासून ब्रिटिश खाणींमध्ये कॅनरी ठेवणे रूढ झाले. इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी त्यांची जागा घेण्याचा निर्णय झाला तो थेट १९८६ मध्ये.

पक्ष्याने स्फोट मात्र टळत नव्हते. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी दक्षिण वेल्समध्येच सेंघेनिड येथे झालेल्या स्फोटात ४३९ कामगार गेले. ब्रिटनच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी खाण दुर्घटना.

मुलगाही प्रयोगात?

हाल्डेन यांचा मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेले जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. शाळकरी वयात वडील त्याला खाणीत घेऊन जात. उत्तर स्टॅफर्डशरच्या एका खाणीत वडिलांनी त्याला उभे राहून ‘ज्युलियस सीझर’ नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात पोराला धाप लागली, पाय गेले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला बरे वाटू लागले. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताशी साठतो आणि जमिनीलगत श्वास घेता येतो, हा धडा त्याला एकदाच शिकावा लागला. आज एखाद्या बापाने असे केले तर पोलीस घरी येतील. मुलाने मात्र वडिलांची ही सवय पुढे स्वतःवरच्या प्रयोगांत आयुष्यभर चालवली. १९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

वडिलांच्या कामाची यादी लांबलचक आहे. श्वासाचा वेग रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो, हे त्यांनी जॉन प्रीस्टली यांच्यासह १९०५ मध्ये सिद्ध केले. खोल पाण्यातून पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने वर कसे यावे, याची कोष्टके १९०८ मध्ये दिली. त्यासाठी आधी शेळ्यांवर प्रयोग झाले. १९११ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीक शिखरावर मुक्काम ठोकून विरळ हवेचा अभ्यास केला. १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्र येथे विषारी वायू सोडला, तेव्हा सरकारने तातडीने यांनाच फ्रान्सला धाडले. वायू क्लोरीन आहे हे त्यांनी ओळखले आणि परत येऊन मुखवट्याच्या कामाला लागले. त्या चाचण्यांतही स्वतः वायू हुंगला, हे सांगायला नकोच.

मग धुळीचे काय?

धुळीशी त्यांची गाठ पडली कॉर्नवॉलमध्ये. तिथल्या कथिलाच्या खाणींत कामगार तरुणपणीच फुफ्फुसाच्या विकाराने मरत होते. १९०४ च्या अहवालात हाल्डेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते यंत्राने खडक फोडताना उडणाऱ्या दगडाच्या धुळीवर. पाणी मारून धूळ बसवा, असा त्यांचा आग्रह. निदान बरोबर होते. कठीण खडकातला सिलिका फुफ्फुसात जखमा करतो, तिथे व्रण धरतो आणि त्यावर क्षयरोग सहज घर करतो. हाच सिलिकोसिस.

कोळसा खाणीकडे वळल्यावर मात्र त्यांना वेगळे चित्र दिसले. मृत्यूच्या आकडेवारीत कोळसा खाणकामगारांमध्ये क्षयाचे प्रमाण इतर कष्टकऱ्यांपेक्षा कमी होते. धूळ फुफ्फुस बिघडवत असती तर क्षय वाढायला हवा होता, असा त्यांचा तर्क. ऑक्सफर्डमध्ये गिनी पिगवर झालेल्या प्रयोगांतही कोळशाची आणि शेल खडकाची धूळ फुफ्फुसातल्या पेशी उचलून बाहेर नेताना दिसल्या, सिलिका मात्र आतच राहिला. यातून हाल्डेन यांचे मत पक्के झाले : सिलिका घातक, कोळशाची धूळ निरुपद्रवी, कदाचित फुफ्फुसाला सफाईची सवय लावणारीच.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. उडालेली कोळशाची धूळ स्वतःच स्फोटक असते. ती भडकू नये म्हणून बोगद्यांत दगडाची पूड पसरण्याचा उपाय पुढे आला होता. ती पूड कामगारांच्या छातीत जाणार, तर कोणत्या दगडाची असावी? त्या दृष्टीने कमी सिलिकाची पूड निवडण्याचा हाल्डेन यांचा सल्ला योग्यच होता. चूक झाली ती त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, कोळशाच्या धुळीला दिलेल्या निर्दोषपणाच्या दाखल्यात.

त्यांचा पगार कोण देत होते?

१९१२ पासून हाल्डेन डॉनकास्टरच्या एका प्रयोगशाळेचे संचालक होते. ती खाणमालकांच्या पैशावर चालत असे. १९२१ मध्ये ती बर्मिंगहॅम विद्यापीठात हलली. पुढे ते खाण अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षही झाले. त्यामुळे मालकांना हवे ते बोलले, असा सोपा निष्कर्ष काढता येईल. पण तो पुरेसा नाही. खाणीत उतरून कामगारांसोबत तीच हवा हुंगणाऱ्या या माणसाला विकत घेतले होते, असे त्याचे आयुष्य सांगत नाही. शिवाय त्या काळच्या बहुसंख्य तज्ज्ञांचे मत तेच होते. एवढे मात्र खरे की मालकांना आणि विमा देणाऱ्यांना त्यांचे मत सोयीचे होते आणि ब्रिटनमध्ये त्यांच्याइतका वजनदार साक्षीदार दुसरा नव्हता.

कामगाराच्या घरी याचा अर्थ काय होता, ते भरपाईच्या नियमांत दिसते. कोळसा खाणकामगारांना सिलिकोसिसची भरपाई देणारी योजना १९२८ मध्ये आली. अट अशी की त्याने ५० टक्के किंवा अधिक सिलिका असलेल्या खडकात काम केले असले पाहिजे. पंचवीस वर्षे कोळसा फोडून धापा टाकणाऱ्या माणसाने आपल्या बोगद्यातल्या दगडाचे रासायनिक पृथक्करण कुठून आणायचे? तोवर खाण बंद झालेली किंवा तो भाग कोसळलेला असे. १९३० च्या दशकात अटी सैल झाल्या, तरी निदान सिलिकोसिसचेच हवे होते. ज्याचे फुफ्फुस निव्वळ कोळशाने भरले, त्याच्या आजाराला कायद्यात नावच नव्हते.

तर्क कुठे घसरला?

क्षयाच्या आकड्यांत एक फसगत होती. खाणीत भरती होतो तो मुळात धडधाकट माणूस. दम लागू लागला की तो खाण सोडतो, वरचे हलके काम धरतो किंवा घरी बसतो आणि त्याचा मृत्यू भलत्याच धंद्याच्या नाहीतर भलत्याच आजाराच्या खात्यावर पडू शकतो. शिवाय क्षय होत नाही म्हणून फुफ्फुस चांगले आहे, असे ठरत नाही. कोळशाच्या धुळीचा आजार क्षयाच्या वाटेने जायलाच हवा, असे काही नव्हते.

दुसरे कारण त्यांच्या पद्धतीतच होते. स्वतःच्या शरीराचे यंत्र करून मोजायचे, ही त्यांची ताकद. वायूच्या बाबतीत ते यंत्र अचूक चालले, कारण परिणाम मिनिटांत दिसतो आणि बाहेर आले की उतरतो. धुळीचा परिणाम दिसायला दहा, वीस, कधी तीस वर्षे लागतात. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात. पण रोज आठ तास नवा भार येत राहिला की पेशी थकतात, मरतात आणि त्यांच्याभोवती गाठी धरतात. गाठी एकमेकींत मिसळल्या की फुफ्फुसाचा तेवढा भाग दगडासारखा होतो. काही आठवड्यांच्या गिनी पिगला यातले काही दिसण्याचे कारण नव्हते. हाल्डेन यांच्या स्वतःच्या फुफ्फुसालाही नाही. ते खाणीत जात खूप वेळा, पण तिथे रोज राबत नव्हते.

पुरावा मिळाला कुठे?

उत्तर सापडले खाणीच्या बाहेर, बंदरात. कार्डिफसारख्या बंदरांमध्ये जहाजाच्या पोटात ओतला जाणारा कोळसा फावड्याने सारखा करणारे कामगार असत. बंदिस्त जागा आणि नुसती धूळ. यांनी कधी खडक फोडला नव्हता, म्हणजे दगडाचा सिलिका त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. तरीही त्यांच्या क्ष-किरण चित्रांत फुफ्फुसे खराब दिसत होती. त्यांच्यावरचा पहिला महत्त्वाचा अभ्यास १९२८ मध्ये, म्हणजे हाल्डेन हयात असतानाच प्रसिद्ध झाला. त्यांचे मत त्याने बदलले नाही. १९४० मध्ये कार्डिफचे विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांनी अशा कामगारांच्या शवविच्छेदनातून दाखवले की कोळशाची धूळ एकटीही फुफ्फुस बिघडवू शकते.

हाल्डेन यांना १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले होते. पंचाहत्तरीत ते इराण-इराकच्या तेल प्रकल्पांतल्या कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करायला गेले. तिथून परतल्यावर मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांची पाहणी हाती घेतली. फिलिप डार्सी हार्ट आणि एडवर्ड ॲस्लेट यांनी खाणींत जाऊन कामगारांची तपासणी केली, छातीची क्ष-किरण चित्रे काढली. १९४२ मध्ये अहवाल आला. १९४३ मध्ये ‘कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस’ या नावाने स्वतंत्र आजार भरपाईच्या कायद्यात आला. खडकातल्या सिलिकाचा पुरावा मागणे थांबले.

आज काय स्थिती?

आजारावर अजूनही औषध नाही. कापताना पाणी मारणे, हवा खेळती ठेवणे, कामगाराच्या अंगावर धूळमापक लावणे आणि ठरावीक काळाने छातीचे क्ष-किरण चित्र काढणे, एवढेच हाती आहे. भारतात अधिसूचित व्यावसायिक आजाराची माहिती सरकारला कळवणे खाणचालकावर आणि निदान करणाऱ्या डॉक्टरवरही बंधनकारक आहे. न्यूमोकोनिओसिस आणि सिलिकोसिस हे दोन्ही त्या यादीत येतात. चंद्रपूर, वणी आणि उमरेडच्या कोळसा पट्ट्यातल्या कामगारांनाही हा नियम लागू आहे. क्ष-किरण चित्रात डाग दिसला, तर अहवालावर नेमके काय लिहिले आहे ते पाहावे आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. भरपाईचा अर्ज पुढे त्याच कागदावर चालतो.